अमेरिकेचं विमान उत्तरेकडे काऊन जाते?

वेटाळातलं कोणी अमेरिकेला निघालं की दोन दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर विमान उडत असतं. फ्लाइटरडार उघडायचं, विमानाचा नंबर टाकायचा आणि ते इवलंसं पिवळं विमान कुठवर सरकलं ते पाहत बसायचं. मग प्रश्न सुरू. "अमेरिका पश्चिमेले हाय ना? मंग हे इमान रशियाकडे काऊन चाललं बाप्पा?" दुसरा विचारतो, "गूगल म्हणते साडेबारा हजार किलोमीटर, मंग तिकिटावर बावीस घंटे काऊन लिवले?" तिसऱ्याचा प्रश्न तर भलताच: "पोट्टं म्हणे रात्री दोनले बसलो आन् सकाळी सातले उतरलो. पाच घंट्यात अमेरिका?"

पहिला प्रश्न भूगोलाचा आहे. दुसरा वाऱ्याचा, बंद आकाशाचा आणि विमानतळावरच्या रांगांचा. तिसरा निव्वळ घड्याळाचा. तिन्ही एकात कालवले की डोकं फिरतं, म्हणून एकेक सोडवू. उदाहरणाला नागपूर आणि न्यूयॉर्क घेतो, कारण आपल्या भागातून जाणाऱ्यांच्या तोंडी न्यू जर्सी हे नाव फार, आणि न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कला लागूनच.

भिंतीवरचा नकाशा आणि कपाटावरचा गोल

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवा आणि नागपूर ते न्यूयॉर्क रेघ मारा. ती गुजरात, अरबी समुद्र, अमिराती, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया अशी उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिकवर उतरेल. दिसायला एकदम सरळ. या रेघेवरून विमान नेलं तर सुमारे १४,६३० किलोमीटर पडतात.

आता त्याच शाळेत कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीचा गोल खाली काढा. शिवायच्या दोऱ्याचं एक टोक नागपूरवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. तो अरबस्तानाकडे जातच नाही. नागपुरातून निघतो तो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कललेला. दिल्ली आणि जयपूरच्या मधून जातो, इस्लामाबादच्या आसपास पाकिस्तान ओलांडतो, मग ताजिकिस्तान, कझाकस्तान, रशियातला उरल, फिनलंड-स्वीडनचं वरचं टोक. तिथून समुद्र, ग्रीनलंडचा दक्षिण भाग, कॅनडाचं लॅब्राडॉर आणि क्वेबेक, आणि वरून खाली येत न्यूयॉर्क. या वाटेची लांबी सुमारे १२,६०० किलोमीटर. नकाशावरच्या 'सरळ' रेघेपेक्षा दोन हजार किलोमीटर कमी.

हे कसं होतं? पृथ्वीचा पट्टा विषुववृत्तावर ४०,००० किलोमीटरचा आहे. ६० अंश उत्तरेला तोच पट्टा बरोबर अर्धा, २०,००० किलोमीटरचा उरतो. रेखांश तितकेच, पण दाटीवाटीनं उभे. म्हणजे पूर्व-पश्चिम जायचं असेल तर जितकं वर जाऊन ओलांडाल तितकं स्वस्त पडतं. भिंतीवरचा नकाशा मात्र वरचा आखूड पट्टा आणि मधला लांब पट्टा, दोन्ही एकाच रुंदीचे करून छापतो. म्हणून ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. नकाशावर विमानाची वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते. वाकलेला नकाशा असतो, वाट नाही.

गोलावरच्या या जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की जे अंतर येतं ते हेच. त्यामागचं गणित दहावीच्या पोराला जमेल असं आहे. पृथ्वीच्या पोटातून, अगदी मध्यातून, एक सळई नागपूरला आणि दुसरी न्यूयॉर्कला आली असं धरा. त्या दोन सळयांमधला कोन ११३.३ अंश भरतो. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा. कोन काढायला दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश लागतात, ते मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की मिळतात: नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व; न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

दोन वेबसाइटवर पाच-पंचवीस किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरू नका. पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांकडे जराशी चपटी आहे. कोणी ती गोल धरतं, कोणी चपटेपणा मोजतं. फरक फारच मोठा असेल तर एकक तपासा. १२,६०० किलोमीटर म्हणजे साधारण ७,८३० मैल, आणि वैमानिकांच्या नॉटिकल मैलात ६,८०० च्या आसपास. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. पुष्कळ भांडणं इथेच मिटतात.

पृथ्वीवर यापेक्षा लांब जाता येतं, पण फार नाही. कुठूनही कुठेही, जास्तीत जास्त अर्धा फेरा, म्हणजे २०,००० किलोमीटर. नागपूरच्या बरोबर पाठीमागे काय आहे म्हणाल तर पॅसिफिक महासागराचं पाणी. माणसं राहतात अशी सगळ्यात जवळची जमीन म्हणजे ईस्टर बेट, तेही तिथून हजार-अकराशे किलोमीटरवर. न थांबता उडणारं आजचं सगळ्यात लांबचं नेहमीचं विमान सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरच्या वर आणि अठरा तासांच्या वर. म्हणजे नागपूर-न्यूयॉर्क हे अंतर विमानाच्या आवाक्याबाहेरचं अजिबात नाही. थेट विमान नाही, कारण रोज तीनशे लोक नागपुरातून तिकडे जायला निघत नाहीत.

दिल्लीवरून की मुंबईवरून?

थेट नाही म्हटल्यावर प्रश्न येतो तो हाच. आणि इथे आपल्या अंदाजाला पहिला धक्का बसतो. आपल्याला वाटतं, अमेरिका पश्चिमेला, मुंबई पश्चिमेला, म्हणजे मुंबईला गेलं की तेवढं अंतर कापून झालं. नागपूर-मुंबई विमानानं साधारण ६८५ किलोमीटर. पण मुंबईहून न्यूयॉर्क किती? सुमारे १२,५३०. नागपूरहून १२,६०० होतं. पावणेसातशे किलोमीटर जाऊन न्यूयॉर्क जेमतेम सत्तर किलोमीटरनं जवळ आलं! बाकी सगळं आडवं चालणं झालं.

दिल्लीचं बघा. नागपूर-दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर, दिल्ली-न्यूयॉर्क सुमारे ११,७५५. बेरीज १२,६१०. थेट वाटेपेक्षा फक्त दहा किलोमीटर जास्त. दोरा दिल्ली-जयपूरच्या मधून जातो असं वर म्हटलं ना, त्याचा अर्थ हा: नागपूरकरासाठी दिल्ली वाटेवरचंच गाव आहे. मुंबईवरून १३,२१५. आणि नागपूरहून दोह्याला जाऊन तिथून न्यूयॉर्क धरलं तर २,८४० आणि १०,७७० मिळून १३,६०० च्या आसपास, म्हणजे हजारेक किलोमीटरचा फेरा.

नागपूरचं हे मधलं ठिकाण नवीन नाही. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली ती नागपूर मध्यावर धरूनच. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही टोकांहून टपालाची विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपुरातल्या सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची, पोती अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. अंतरं पाहिली तर कारण कळतं: नागपूरहून मुंबई ६८५, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. एकही हजाराच्या वर नाही. आजही वऱ्हाडातल्या शेतात उभं राहून वर पाहिलं तर पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात, त्या बहुतेक अशाच, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या, इथे न उतरणाऱ्या विमानांच्या.

तर मग दिल्लीचंच तिकीट काढावं? अंतराचं गणित हो म्हणतं. पण ती वाट पाकिस्तानवरून जाते, आणि आकाशालाही धुरे असतात.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारतानं त्यांच्या विमानांना. त्यानंतर दर महिन्याला दोन्हीकडून मुदत वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या भारतीय विमानाला मग आधी खाली गुजरातकडे यायचं, अरबी समुद्रावरून वळसा घालायचा आणि मग वर चढायचं. अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला उतरून इंधन भरावं लागलं. एअर इंडियानं १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा दिलेल्या कारणांत हे एक होतं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत हेच झालं होतं. अशा वेळी दिल्लीचा 'वाटेवरचं गाव' हा मान जातो. मुंबईचं विमान तसंही समुद्रावर निघतं, त्याला हा वळसा फारसा जाचत नाही.

नुसतं पाकिस्तानच नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तसं रशियानं युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. हेलसिंकीहून टोकियोला नऊ-साडेनऊ तासांत जाणाऱ्या फिनलंडच्या विमानाला तेरा तास लागू लागले. कधी ते उत्तर ध्रुवावरून जाऊ लागलं. भारतीय कंपन्यांना रशियाचं आकाश उघडं राहिलं. २३ जून २०२५ ला इराणच्या क्षेपणास्त्रांमुळे कतारनं काही तास आकाश बंद केलं, तेव्हा दोह्यावरून जाणारे अधांतरी राहिले. तेव्हा गूगलवरचं अंतर पाहून "एवढेच तर किलोमीटर आहेत" म्हणण्यात अर्थ नाही. विमान त्या दिवशी कोणत्या देशांवरून जाऊ शकतं, यावर त्याची खरी वाट ठरते.

वारा

अंतर सारखंच, विमान तेच, तरी जाताना पंधरा-साडेपंधरा तास आणि येताना साडेतेरा. असं का?

पुष्कळांचं उत्तर तयार असतं: पृथ्वी फिरते म्हणून. मग पुढचा प्रश्न येतो, की विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपसूक खाली येईल की! नाही येणार. नागपूरची जमीन पूर्वेला ताशी साधारण १,५६० किलोमीटर वेगानं फिरते हे खरं, पण वरची हवा आणि त्या हवेतलं विमानही तिच्याबरोबरच फिरतात. तसं नसतं तर गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया शेजाऱ्याच्या अंगणात गेल्या असत्या.

खरं कारण जेट स्ट्रीम. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे मोठी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे पट्टे असतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर. गरम प्रदेश आणि थंड ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यानं पूर्वेला वळतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी निबंध लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत, जगातल्या सगळ्यांना कळावा म्हणून, आणि तो जवळपास कोणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा वैमानिकांना हा वारा अंगावर आला.

आपला याच्याशी संबंध नाही असं समजू नका. हिवाळ्यात या वाऱ्याचा एक पट्टा उत्तर भारतावर येऊन बसतो. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे हवेतल्या वादळी खळबळी, त्याच्याच जोरानं पुढे ढकलले जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा काढणीला आलेला असताना जी गारपीट होते, तिच्यामागे बरेचदा हेच विक्षोभ आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल यांची गाठ असते.

आता विमानाचा वेग. मोठं जेट विमान हवेतून ताशी सुमारे ९०० किलोमीटर जातं. हवेतून, जमिनीवरून नव्हे. वैनगंगेत डोंगा घातला की वल्ह्याचा जोर तोच असतो, पण धारेला लावला तर काठ भराभर मागे पळतो आणि धारेच्या उलट नेला तर घाम निघतो. विमानाचंही तेच. १२,६०० किलोमीटर, वारा अजिबात नाही: १४ तास. वाटभर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८४०, आणि लागतात १५ तास. तोच वारा येताना पाठीमागून मिळाला तर वेग ९६०, आणि वेळ १३ तास ७ मिनिटं.

एक गंमत लक्षात घ्या. जाऊन-येऊन बेरीज २८ तास ७ मिनिटं होते, २८ तास नाही. वाऱ्यानं जाताना जेवढं घेतलं तेवढं येताना परत दिलं नाही. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, पाठीमागच्या वाऱ्यात कमी. मोठ्या विमानाला तासाला सात-आठ टन इंधन लागतं, तेव्हा ही सात मिनिटंही फुकट नसतात.

म्हणून जवळची वाट ही नेहमी लवकरची वाट नसते. याचं फार चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, वाऱ्याच्या तोंडावर जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेला वळवलं, पॅसिफिकवरून, वारा पाठीशी घेऊन. ही वाट सुमारे १,४०० किलोमीटर जास्त लांबची, एकूण १५,३०० च्या आसपास. विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. लांबून गेले आणि लवकर पोचले!

उलट जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू हे पहिलं विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकारी वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. तिथे थंडी अशी की टाकीतल्या इंधनाचं तापमान सतत पाहावं लागतं. अमेरिकेत मिळणारं नेहमीचं विमान-इंधन उणे ४० अंशांना गोठायला लागतं. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलंच तर ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ जवळ ठेवूनच वाट आखावी लागते. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं एक विमान इंजिनात बिघाड झाल्यानं रशियाच्या पार पूर्वेला मगदान या गावी उतरवलं होतं. नकाशावर ओसाड वाटणाऱ्या वाटेवर असं गाव हिशेबात धरलेलं असतं, ते यासाठी.

तिकिटावरची वेळ

तिकिटावर जी वेळ छापतात ती उडण्याची नसते. विमान जागेवरून हललं, चाकांना लावलेले ठोकळे काढले, तिथून मोजायला सुरुवात आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लावले की शेवट. धावपट्टीपर्यंत रांगेनं जाणं, वर चढणं, उतरायच्या आधी घिरट्या घालणं, सगळं त्यातच.

जवळच्या प्रवासात हे फार जाणवतं. नागपूर-मुंबईचे ६८५ किलोमीटर ताशी ८५० नं पन्नास मिनिटांच्या आत व्हायला पाहिजेत. तिकिटावर दीड तास असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. उतरणाऱ्यांची रांग आकाशातच लागते. अमरावतीकरांना तर आणखी वेगळा अनुभव आहे. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं, मुंबईचं विमान मिळालं. अंतर नागपूरपेक्षा कमी, ५४० किलोमीटरच्या आसपास. पण वेळ पावणेदोन तास! कारण ते पंख्याचं एटीआर विमान, वेग ताशी पाचशेच्या घरात. अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हे इथे आपल्या जिल्ह्यातच खोटं ठरलं. (तरी रस्त्यानं नाहीतर रेल्वेनं जाण्यापेक्षा बरंच, हे कबूल.)

लांबच्या प्रवासात हा वरचा अर्धा-पाऊण तास चौदा-पंधरा तासांत बुडून जातो. तिथे वेळ खातात ते मधले थांबे. दारव्ह्याच्या एखाद्या पोरीचा हिशेब मांडू. घरून सकाळी ११ ला गाडी, यवतमाळमार्गे नागपूर विमानतळावर साडेतीन. ६ ला विमान, पावणेआठला दिल्ली. पुढचं विमान रात्री २ चं. साडेपंधरा तासांनी न्यूयॉर्क. तिथे इमिग्रेशनची रांग, बॅगा, आणि न्यू जर्सीतल्या घरापर्यंत गाडी, मिळून तीन तास धरा. दारापासून दारापर्यंत साडेतेहतीस तास, त्यात विमानात सव्वासतरा. जवळपास अर्धा प्रवास विमानाबाहेरचा. वाऱ्यानं एखादा तास वाचवला-गमावला तरी दिल्लीतल्या सव्वासहा तासांच्या थांब्यापुढे तो काहीच नाही. तो थांबा फार कमी करायलाही जाऊ नये, कारण नागपूरचं विमान धुक्यानं दोन तास लेट झालं की पुढचं हातचं जातं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं काय असतं ते सांगायला नको.

तिकीट काढताना आणखी एक शब्द नीट पाहा. 'नॉनस्टॉप' म्हणजे मधे कुठेच उतरणार नाही. 'डायरेक्ट' म्हणजे विमानाचा नंबर बदलणार नाही एवढंच. मधे ते उतरू शकतं. दोन्ही एकच समजून तिकीट काढणारे भेटतात.

पाच तासांत अमेरिका

राहिला तिसरा प्रश्न. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात त्याच वेळेच्या पाच तास मागे. फरक साडेदहा तासांचा.

पोट्टं दिल्लीहून रात्री २ ला बसलं. साडेपंधरा तास उडालं. दिल्लीत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. त्यातून साडेदहा वजा करा: न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशीचे सकाळचे ७. घड्याळात पाच तास सरले, बुडाखालची खुर्ची मात्र साडेपंधरा तास तीच.

येताना उलटं. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालं, साडेतेरा तास उडालं, दिल्लीत उतरलं दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला. पूर्ण चोवीस तास गेले असं घड्याळ सांगतं. आता दोन्ही बेरजा करा. घड्याळाचे ५ आणि २४ मिळून २९. उडण्याचे साडेपंधरा आणि साडेतेरा, तेही २९. जाताना जे दहा-साडेदहा तास उसने मिळाले ते येताना चुकते झाले. कोणत्याही परदेशी तिकिटाचा खरा वेळ काढायचा असेल तर जाण्या-येण्याच्या छापील वेळांची अशी बेरीज करा, वेळेतला फरक आपोआप कटतो. मात्र मधल्या काळात तिकडचं घड्याळ बदललं नसेल, ही अट.

कारण ते बदलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा होतो. इथून आईनं तिकडे फोन करायचा तर बोटं मोजायची गरज नाही: आपल्या घड्याळात दिवसाची रात्र करा, रात्रीचा दिवस करा, आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास मिळवा. आपल्याकडे रात्रीचे ८, म्हणजे तिकडे जानेवारीत सकाळचे साडेनऊ आणि जुलैत साडेदहा. शिकागोला असेल तर यातून आणखी एक तास काढायचा, कॅलिफोर्नियाला असेल तर तीन.